आत्या, कायरो आणि ‘कट्ट’!

आमच्या ऑफिसात दर सोमवारी कुणीतरी नव्या पंथाची दीक्षा घेऊन येतं. कुणी गहू सोडलेला असतो, कुणी पहाटे पाचला उठायला लागलेलं असतं, कुणाला अचानक हंपीत आत्मा सापडलेला असतो. गेल्या वर्षीच्या एका सोमवारी टीममधला एक जण मान ताठ ठेवून (शब्दशः!) आत आला आणि बॅग टाकायच्या आधीच म्हणाला, ‘‘कायरो केलं यार. नवा माणूस झालोय!’’

मग व्हिडिओ. तो पालथा पडलाय, एक तगडा माणूस त्याच्या पाठीवर हात रोवून उभा आहे, एक झटका आणि ‘कट्ट!’ मग मान एका बाजूला, ‘कट्ट!’ मग दुसऱ्या बाजूला. आम्ही सगळे आपापल्या खुर्च्यांत मान चोळत ते बघत होतो. सहा महिने लॅपटॉपवर वाकून बसलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे स्वर्गसंगीतच. माझ्या फोनला काय समजलं कोण जाणे, त्या संध्याकाळपासून माझ्या स्क्रीनवर जगातल्या यच्चयावत माना कटाकट वाजायला लागल्या.

आणि मला आत्या आठवली.

माझी आत्या बोर्डीला असते. डहाणू रोडला लोकलमधून उतरायचं, शेअर रिक्षा पकडायची आणि नरपड, चिखले, घोलवड करत समुद्राच्या कडेकडेनं जायचं. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि आत्याकडे जाणं म्हणजे ‘गावाला जाणं’ राहिलं नाही, वीकएंड झाला. तिची चिकूची वाडी आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मिळालं तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं होतं, ‘‘आता नीट मान देऊन खा हो!’’ अशी बाई. पहाटे साडेपाचला उठणारी, चिकू धुणं, निवडणं, पेट्या भरणं हे सगळं जातीनं बघणारी. वय बावन्न.

गेल्या हिवाळ्यात गेले तर ती स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून उभी होती. मला वाटलं, काहीतरी धुतेय. पण पातेल्यात काहीच नव्हतं, नुसते हात.

‘‘बोटं उठत नाहीत गं सकाळची,’’ ती म्हणाली, ‘‘थंडी आहे ना.’’

बोर्डीची थंडी म्हणजे काय हो? पंखा एकवर करायचा, एवढीच. पण त्या वेळी माझ्या डोक्यात हे आलं नाही. काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘चिकुनगुनियाचं राहिलंय ते. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता ना.’’ तपासणी झाली नव्हती, पण ताप आला आणि सांधे धरले म्हणजे चिकुनगुनियाच, हे 2006 च्या साथीपासून आपल्याकडे ठरूनच गेलंय. (चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात हे खरंच आहे. म्हणूनच ते कारण इतकं सोयीचं पडतं.) जवळच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली होती. गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं.

आणि मी? मी शहरातली कर्तबगार भाची. दर खेपेला एक नवी ट्यूब. मूव्ह, व्होलिनी, आयोडेक्स, नंतर एक कुठलंसं हर्बल तेल. आत्याच्या फडताळात माझ्या प्रेमाची ही सगळी स्मारकं ओळीनं उभी होती.

तर त्या कट्ट-व्हिडिओंच्या भरात मी वाढदिवसाची भेट म्हणून आत्यासाठी उपनगरातल्या एका कायरोप्रॅक्टिक क्लिनिकमध्ये दहा सिटिंगचं पॅकेज बुक केलं. स्पा व्हाउचर द्यावं तसं! ‘‘आत्या, मानेचं, बोटांचं सगळं मोकळं होईल. नवीन माणूस होशील.’’ मानेचं यासाठी की हल्ली तिची मानही धरायला लागली होती.

ती आली. वाढदिवसाची साडी नेसून, पहाटेची लोकल पकडून, विरारला बदलून. माझ्यासाठी चिकूची पिशवी आणायची म्हणून ती दंडात अडकवून आणली होती. मुठीत नाही. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

क्लिनिकमधल्या बाई परदेशात शिकून आलेल्या. त्यांनी आत्याला टेबलावर झोपवलंच नाही. समोर खुर्चीत बसवलं आणि विचारलं, ‘‘सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?’’

‘‘असतात थोडा वेळ,’’ आत्या म्हणाली.

‘‘थोडा म्हणजे? घड्याळात सांगा.’’

आत्या मोजायला लागली. चहाचं आधण काका ठेवतात. मग आंघोळ. मग देवपूजा, पण फुलं काकाच तोडतात. मग साधारण वेणी घालता येते. ‘‘म्हणजे दीड तास की!’’ तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

बाईंनी तिची दोन्ही मनगटं बघितली. मग हस्तांदोलन करावं तसा तिचा हात धरला आणि बोटांच्या मुळाशी असलेली सांध्यांची ओळ हलकेच दाबली. अगदी हलकेच. आत्या, जिनं एकदा पायात खिळा गेला तेव्हा स्वतःच उपटून काढला होता, ती आत्या कळवळली.

‘‘मी आज तुमच्या मानेला हात लावणार नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कदाचित कधीच नाही. आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा.’’ पॅकेजचे पैसे त्यांनी परत दिले.

खरं सांगू? मी चिडले होते. रिक्षात बसल्यावर मनात पहिला विचार आला, ह्या बाईंना येत नसावं. आत्याला मात्र त्या फार आवडल्या. ‘‘दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं गं, किती वेळ म्हणून.’’

आता इथे थोडं डॉक्टरी ज्ञान पाजळते, कारण हे मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं आणि तुमच्यापैकी निम्म्यांना नसणार. आपण ज्याला ‘संधिवात’ म्हणतो तो एक आजार नाहीच. ती आडनावासारखी गोष्ट आहे, खाली पुष्कळ घरं. त्यातली दोन मोठी. एक ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला आपण ‘झीज’ म्हणतो. गुडघे, कंबर, अंगठ्याचं मूळ. हा सकाळी आखडतो, पण सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आणि दिवसभर काम केलं की संध्याकाळी दुखतो. दुसरं घर ऱ्हुमॅटॉइडचं. इथे शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. बोटांची मुळं, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखंच. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. सकाळचा आखडलेपणा इथे तासाच्या पुढे जातो आणि हलल्या-चालल्यावर कमी होतो. म्हणून तो प्रश्न. किती मिनिटं? कुठलंही मशीन नको, एक पैसा खर्च नाही, नुसतं घड्याळ पाहिजे.

आणि मान का नको? तर ऱ्हुमॅटॉइड मानेतही शिरतो. कवटीच्या लगेच खाली जे पहिले दोन मणके असतात, त्यांना बांधून ठेवणारे बंध तो सैल करू शकतो. त्यांच्या मधून मज्जारज्जू जातो. तिथे झटका म्हणजे काय, याचं चित्र रंगवत नाही. अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेनं 2022 साली ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटसाठी व्यायाम, आहार आणि पूरक उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नियमित व्यायामाची सगळ्यात ठाम शिफारस आहे, आणि कायरोप्रॅक्टिक करू नये असा सल्ला आहे. मी वाढदिवसाची भेट म्हणून नेमकं तेच बांधून दिलं होतं.

‘‘अगं, पण आपल्याकडे हे असलं कुठे असतं,’’ असं आमच्या एका नातेवाईक बाईंनी फोनवर ऐकवलं. असतं ना. भिगवण माहीत असेल तुम्हाला. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, फ्लेमिंगो बघायला आपण कॅमेरे गळ्यात घालून जातो ते. त्याच भिगवणमध्ये 1996 पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या गटानं जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघरी जाऊन हाडं-सांधे दुखणाऱ्यांची मोजदाद केली. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसं. त्यातल्या 18 टक्क्यांना काही ना काही दुखणं होतं. झिजेचा ऑस्टिओआर्थ्रायटिस 6 टक्क्यांच्या आसपास आणि ऱ्हुमॅटॉइड साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे जणांत एक. दोनशे हा आकडा लहान वाटतो? बोर्डीत एका लग्नाला दोनशे माणसं तर नुसती वऱ्हाडात असतात.

मग हे कायरो म्हणजे शुद्ध बनवाबनवी का? नाही, आणि इथेच गंमत आहे.

1895 साली अमेरिकेत आयोवामधल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबक-उपचार करत. त्याआधी त्यांनी किराणा दुकानही चालवलं होतं. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड नावाच्या माणसाला ऐकू कमी येई. पामरनी त्याच्या पाठीतला एक मणका ‘बसवला’ आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. झालं! बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ पाठीच्या कण्यात, असा सिद्धांत तिथून निघाला. कायरोप्रॅक्टिक या शब्दाचा ग्रीक अर्थ ‘हातानं केलेलं’. सिद्धांत काही टिकला नाही. पण हात टिकले, कारण पाठ दुखणाऱ्या माणसाला नीट शिकलेल्या हाताचा खरोखर उपयोग होतो. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संस्थेनं 2017 मध्ये कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांची जी यादी दिली, त्यात व्यायाम, मसाज यांच्याबरोबर मणक्यांचं मॅनिप्युलेशनही आहे. फायदा माफक, चमत्कार नाही, पण आहे. म्हणजे आमचा सोमवारचा नवा माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. (तो गुरुवारपर्यंत जुना झाला, ही गोष्ट वेगळी. खुर्ची तीच, लॅपटॉप तोच.)

आणि तो आवाज? हाड जागेवर बसल्याचा वगैरे नाही हो. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन ओढला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो ‘कट्ट’. 2015 साली कॅनडात एमआरआयमध्ये बोट मोडतानाचं चित्रण करून हे बघितलंय. कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी तर कमालच केली. लहानपणी घरच्या बायका ओरडायच्या, बोटं मोडू नकोस, संधिवात होईल. म्हणून त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात सारखेच! 2009 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. तर तुमची आजी बोटं मोडण्यावरून ओरडत असेल तर तिला ही गोष्ट सांगा. आवाजानं काही बिघडत नाही. त्याच हिशेबानं, नुसत्या आवाजानं काही सुधारतही नाही.

झिजेच्या संधिवाताचं म्हणाल, तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा 2022 चा सल्ला मला सगळ्यात सरळ वाटला. गुडघा-खुब्याच्या दुखण्यात हातानं करायचे उपचार विचारात घ्या, पण व्यायामाच्या जोडीला, एकटे नाहीत. म्हणजे टेबलावर झोपून दुसऱ्यानं केलेलं हे फार तर लोणचं. पोळी-भाजी तुम्हालाच लाटायची.

आपल्याकडची अडचण आणखी एक. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला डॉक्टरेट करून राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं. भारतात त्यांची वेगळी वैधानिक कौन्सिल नाही. त्यामुळे परदेशात शिकलेल्या ‘त्या’ बाई आणि चार व्हिडिओ बघून बोर्ड लावलेला पठ्ठ्या, दोघांच्या दारावर एकच शब्द. फिजिओथेरपिस्टना निदान महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानं राज्य कौन्सिल आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ऑनलाइन बूट घेताना आपण रिव्ह्यू वाचतो, मान दुसऱ्याच्या हातात देताना का नाही?

हे सगळं आत्यांचं-काकांचं आहे असं समजून पान उलटणार असाल तर थांबा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे संधिवाताचं असं घर आहे, जे बहुधा विशी-तिशीतच उघडतं, म्हणजे आपल्याच वयात. रात्री उत्तरार्धात पाठ दुखून जाग येते, सकाळी पाठ लाकडासारखी, आणि रविवारी लोळून बरं वाटण्याऐवजी वाईट वाटतं. चाललं, व्यायाम केला की सुटते. ‘ऑफिसची खुर्ची’ म्हणून वर्षानुवर्षं निघून जातात. पुढे मणके एकमेकांना जोडले जाऊन कणा ठिसूळ होऊ शकतो, आणि तशा कण्याला झटका दिला तर मोडतो. तीन महिन्यांहून जास्त अशी पाठ असेल तर कट्टच्या आधी तपासणी.

असो. आत्याकडे येऊ.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर. मानेचा एक्सरे, एकदा पुढे वाकवून, एकदा मागे नेऊन. मानेत काही सरकलेलं नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकतेय तोवर डॉक्टरांनी हातांचा एक्सरे उजेडावर धरला आणि पेन्सिलीनं दोन सांध्यांच्या कडा दाखवल्या. कुरतडल्यासारख्या. उंदरानं बिस्किटाचा कोपरा खावा तशा.

‘‘हे भरून येतं?’’ मी विचारलं.

‘‘हे नाही. पुढचं थांबवता येतं.’’

दोन वर्षं. फडताळातल्या सगळ्या ट्यूबा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. ह्या आजारात सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे असतात, त्याच काळात औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप जास्त. आम्ही ते महिने पातेल्यात बुडवून घालवले. आत्या मात्र एक्सरेकडे बघत म्हणाली, ‘‘बांगडी काढून घ्यायला पाहिजे होती, फोटो चांगला आला असता.’’

औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच. हे ‘एकदाच’ डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं, कारण चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. मधून मधून रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. (आणि मैत्रिणींनो, मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, डॉक्टरांशी आधी बोलायचं.) परिणाम दिसायला दीड-दोन महिने, कधी जास्तही. आत्यानं घरी गेल्यावर कालनिर्णयवर वर्षभराच्या रविवारांभोवती पेनानं गोल केले. गोळ्या महाग नव्हत्या. महाग होतं ते अंतर. मुंबईत ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठायचा तर जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. तिकडची माणसं दुखलं-खुपलं की वापी-वलसाड गाठतात, ते काय हौस म्हणून नाही.

आणि आत्याला निदान भाची होती.

हे मला कळलं ते तिच्याकडे कामाला येणाऱ्या एका मावशींमुळे. तलासरीकडच्या एका पाड्यावरून येतात, वर्षानुवर्षं. चिकू निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, नुसत्या वासावर सांगतील उद्या पिकेल की परवा. मी आत्याला बोटांचे व्यायाम करून दाखवत होते, त्या उकिडव्या बसून निवडत निवडत आमच्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्या गुडघ्याला पन काय सांगा.’’

मी लगेच तज्ज्ञ! ‘‘सकाळी किती वेळ आखडतात?’’

‘‘उठले, चार पावलं चालले का सुटतात. सांजचं पाटी उतरवताना जीव जातो.’’

म्हणजे दुसरं घर. झिजेचं. औषध काय घेता, तर ‘सुई’. एका ठिकाणी जायचं, सुई मारून घ्यायची, आठ दिवस पळायचं. सुईत काय असतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. अशा झटपट सुयांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. पुन्हा पुन्हा घेत राहिलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरनं नीट तपासून, मोजून दिलेलं इंजेक्शन वेगळं आणि हे वेगळं. पण तुम्हीच सांगा, ज्या बाईची एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी, तिला आठ दिवस पळवणारी सुई हा शहाणपणाचा सौदा का वाटणार नाही? माझा ऑफिसातला मित्र कट्ट करून घेतो आणि मावशी सुई. दोघांनाही सोमवारी कामावर उभं राहायचं असतं.

मी नेहमीचा शहरी सल्ला तोंडात आणला होता. वजन कमी करा! 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं की वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो. माझ्यासाठी, तुमच्यासाठी फार उपयोगाचा आकडा. पण मावशींकडे बघितलं आणि गप्प बसले. त्यांच्या अंगावर कमी करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचा भार डोक्यावर असतो.

आत्यानं त्यांना धुंदलवाडीच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं, त्या दिवसाची मजुरी देऊन. (नंतर मला ऐकवलं, ‘‘तुझ्या दहा सिटिंगपेक्षा स्वस्त पडलं!’’) तिथे व्यायाम शिकवले. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून दहा आकडे धरून ठेवायचं, सोडायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण तो स्वतःवर घेतो. मावशींना आधी हसू आलं. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम? पण राबणं आणि व्यायाम एक नाही. एकच सांधा एकाच तऱ्हेनं हजार वेळा वाकतो ते राबणं. अमेरिकन तज्ज्ञ गुडघ्यासाठी ताइ ची करा म्हणतात, अगदी ठाम शिफारस आहे 2019 ची. हे मी सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, ‘‘मंग तारप्याचा नाच काय वाईट?’’ मला उत्तर सुचलं नाही. कुणीतरी अभ्यास करावा.

मला मात्र सगळ्यात मोठा उपचार वाटतो तो टेबलाचा. चिकू निवडण्याची जागा जमिनीवर होती, पिढ्यान् पिढ्या. सगळ्या बाया उकिडव्या. काकांनी गावातल्या सुताराकडून एक लांब, कमरेएवढं टेबल करून घेतलं आणि दोन उंच स्टुलं. क्रेट अर्धाच भरायचा, दोघींनी उचलायचा. काकांचं म्हणणं होतं की वेळ वाढेल. वाढला नाही. आत्याला आता मुठीनं चिकू पकडावा लागत नाही, तळव्यानं टेबलावर ढकलला की झालं. एका टेबलानं दोन वेगवेगळे संधिवात सांभाळले.

मावशींचे गुडघे तरुण झाले नाहीत. पण सुईला गेल्या नाहीत, त्याला पाच महिने झाले. कधी पुढे फारच झिजले तर गुडघे बदलायची शस्त्रक्रिया असतेच. 2000 आणि 2001 मध्ये वाजपेयींचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत बदलले तेव्हा अख्ख्या देशाला ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द पाठ झाला होता. 2017 मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादाही घातली. तरी मावशींना ते अजून फार लांबचं आहे, आणि लांबच राहावं.

आत्याला मी एकच काम लावून दिलंय. रोज सकाळी बोटं सुटली की किती मिनिटं लागली ते मला मेसेज करायचं. पहिल्या महिन्यात ‘90’, ‘85’, ‘90’, एकदा रागावून ‘मोजलं नाही’. मध्ये एका आठवड्यात अंगठा दाखवणारं चित्र आलं, मी उलटा फोन करून झापलं, ‘‘आकडा पाहिजे, आकडा!’’ तिसऱ्या महिन्यात ‘45’. मी मीटिंगमध्ये होते, टेबलाखाली फोन बघितला आणि बॉसला वाटलं मी त्याच्या प्रेझेंटेशनवर हसले.

त्या कायरोवाल्या बाईंना मध्यंतरी फोन केला होता, आभार मानायला, आणि मनातल्या मनात माफी मागायला. त्यांनी आत्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, तुमची स्वतःची मान कशी आहे? मी म्हटलं, धरते. ‘‘सकाळी किती वेळ?’’

‘‘पाच मिनिटं.’’

‘‘मग दर तासाला खुर्चीतून उठा. माझ्याकडे यायची गरज नाही.’’ या बाई धंदा कसा करतात देव जाणे!

काल सकाळी साडेसातला आत्याचा मेसेज आला. ‘20’. खाली दुसरा : ‘चिकूची पेटी सातच्या लोकलनं पाठवलीय शेजारच्या मुलाबरोबर. विरारला उतरवून घे. दोरी मी बांधलीय.’